कोव्हेंट्रीची चासी, चिखलदऱ्याचा घाट

ज्या गाडीसाठी तुम्ही इतकी वर्षं मागं आलात ती इथं मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. साल १९६७, महिना मे, गाव अकोला. टिळक रोडवर सकाळचे साडेसहा वाजलेत. दुकानांच्या फळ्या अजून निघायच्या आहेत, पण उन्हाची झळ लागायला लागली आहे. ट्रायम्फ जीटी-सिक्स ही देखणी ब्रिटिश स्पोर्ट्स कूपे गेल्याच वर्षी इंग्लंडात बाजारात आली. लांब नाक, दोन माणसांपुरती जागा, छपरापासून शेपटापर्यंत उतरत गेलेली पाठ आणि बोनटखाली सहा सिलिंडरचं दोन लिटरचं इंजिन. परदेशी गाड्यांच्या आयातीवर इतकी बंधनं आहेत की वऱ्हाडात तिची वाट पाहण्यात अर्थ नाही. कापसाच्या पेठेत पैसा आहे; परवाना कुठून आणणार?

तिची हाडं मात्र इथं आहेत. औषधाच्या दुकानासमोर उभी असलेली ती बुटकी, दोन दारांची, मागं टोकदार कल्ले काढलेली गाडी पाहा. स्टँडर्ड हेराल्ड, म्हणजे इंग्लंडातल्या ट्रायम्फ हेराल्डचंच मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं काढलेलं रूप. जीटी-सिक्सची चासी स्पिटफायरकडून आली आणि स्पिटफायरची मूळ रचना हेराल्डची. तिन्ही गाड्यांचं रूप तुरिनच्या जोव्हानी मिकेलोत्तीच्या कागदावर उतरलं. कूपेचं सहा सिलिंडरचं इंजिनसुद्धा परकं नाही. स्टँडर्ड कंपनीच्या छोट्या चार सिलिंडरच्या इंजिनालाच दोन सिलिंडर जोडून तो वंश वाढवला. त्याच छोट्या इंजिनाचं ९४८ सीसीचं रूप तुमच्यासमोरच्या बोनटखाली आहे. तेव्हा कूपे समजून घ्यायची तर या गाडीत बसायला हरकत नाही.

गाडी अमरावतीच्या एका डॉक्टरांची. लग्न आटोपून मंडळी परत निघालीत आणि तशीच पुढं चिखलदऱ्याला थंड हवेला जाणार आहेत. तुम्हाला मागं जागा मिळते.

"पयले शीट वाकवा लागते, भाऊ," ड्रायव्हर म्हणतो. "मंग आतमंदी शिरा."

पुढची सीट कलंडवून, मान घालून, एक पाय आत, दुसरा ओढून. तुमचं ठीक आहे. पण डॉक्टरांच्या आई नऊवारीत आहेत, सत्तरीच्या पुढच्या आहेत, आणि त्यांना आत चढवताना घरातली तीन माणसं लागतात. "असली कशी रे गाडी घेतली, बाप्पा? दार आहे का खिडकी?" असं त्या विचारतात. प्रश्न बिनतोड आहे. दोन दारं इंग्लंडातल्या कोव्हेंट्रीच्या, म्हणजे या गाडीच्या माहेरच्या, जोडप्याला पुरतात; एका खेपेत सासू, सून, पोरं आणि पाण्याची सुरई नेणाऱ्या घराला पुरत नाहीत. आणखी वर्षभरानं मद्रासवाले चार दारांची हेराल्ड काढतील. इंग्लंडात ती कधीच निघाली नाही.

निघण्यापूर्वी मागून एक नजर टाका. पाच माणसं आणि सामान भरल्यावर गाडीचं बूड खाली बसलंय, आणि मागची दोन्ही चाकं माथ्याकडून आत झुकलीत, खालून बाहेर फाकलीत. हे लक्षात ठेवा. संध्याकाळी उपयोगी पडेल.

बोरगाव मंजू मागं पडतं. नागपूरकडं जाणाऱ्या या राष्ट्रीय महामार्गावर दोन ट्रक समोरासमोर आले की एकाला खाली उतरावंच लागतं. काळ्या मातीच्या शेतांना भेगा पडल्यात. ड्रायव्हरचा डावा हात जमिनीतून वर आलेल्या छोट्या गिअरच्या दांड्यावर आहे. अँबेसिडर आणि फियाटमध्ये गिअर स्टिअरिंगच्या दांडीला असतो आणि बदलताना अंदाज घ्यावा लागतो. इथं मनगट हललं की गिअर पडतो. या गाडीत स्पोर्ट्स कारचा एवढा एक गुण उघडपणे आला आहे, आणि ड्रायव्हरला तो भलताच आवडतो. दारांच्या फटींतून बारीक धूळ आत येतेय. हिचं अंगच नटबोल्टांनी जोडलेलं. जिथं जोड तिथं फट. इंग्लंडात त्याच फटींतून पावसाचं पाणी शिरतं म्हणून लोक ओरडतात.

मूर्तिजापूरला रेल्वे फाटक लागलेलं. एका अंगाला अचलपूर, दुसऱ्या अंगाला यवतमाळ, अशी ही अडीच फुटी रुळांची लाइन. पुढं सगळा मुलूख तिला शकुंतला म्हणेल. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन हिला १९९४ पर्यंत ओढत राहील. हळू चालणाऱ्या यंत्राला आयुष्य फार असतं. फाटक उघडतं, आपण निघतो.

बडनेरा अजून लांब आहे. साडेदहाचा सुमार, आणि गाडी आचके देते, खोकते, बंद पडते.

"पेट्रोल उकयून राह्यलं," ड्रायव्हर शांतपणे सांगतो. "पंपाले थंडं केल्याबिगर हालत नाही आता. घाबरू नका, मे महिन्यात हे रोजचंच हाय."

कडुनिंबाच्या सावलीत गाडी ढकला आणि पुढचं नीट पाहा. ड्रायव्हर बोनटच्या डाव्या अंगाची कडी सोडतो, मग उजव्या अंगाची. नंतर काचेकडची कड धरून वर उचलतो, आणि गाडीचं अख्खं तोंड, दिवे, जाळी, दोन्ही मडगार्ड एकसंध पुढं कलतं. इंजिन चारी अंगांनी मोकळं. चाकं मोकळी. स्टिअरिंगचा दातेरी दांडा, आडवे बाहू, स्प्रिंगा सगळं उघड्यावर. ड्रायव्हर सरळ पुढच्या टायरवर बैठक मारतो आणि समोर इंजिन घेऊन कामाला लागतो. अँबेसिडरचा मिस्त्री कमरेत वाकून, एका हातानं चाचपडत काम करतो. हेराल्डचा मिस्त्री बसून करतो. जीटी-सिक्सचं तोंडही असंच कलतं, फक्त लांबुळक्या इंजिनासाठी त्याच्या पाठीवर एक उंचवटा काढावा लागला. माझं मत विचाराल तर मिकेलोत्तीच्या कल्ल्यांपेक्षा आणि जीटी-सिक्सच्या उतरत्या पाठीपेक्षा या घराण्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हे उघडलेलं बोनट आहे.

सुरईतल्या पाण्यात फडकं भिजवून तो पेट्रोल पंपाभोवती गुंडाळतो. निवायला वीसेक मिनिटं लागतील. तेवढ्यात कोव्हेंट्रीला जाऊन येऊ.

१९५७. स्टँडर्ड-ट्रायम्फच्या कारखान्यात मुख्य इंजिनिअर हॅरी वेबस्टर एका विचित्र पेचात आहे. नवी छोटी गाडी काढायची, पण तिचं अंग कोण बनवणार? यांच्या छोट्या गाड्यांची पत्र्याची अंगं फिशर अँड लडलो ही कंपनी बनवायची. १९५३ साली ती कंपनी प्रतिस्पर्धी बीएमसीनं विकत घेतली. त्या काळी सगळे कारखाने चासी आणि अंग एकत्र करून पत्र्याची एकच पेटी बनवायच्या मागं लागलेत. ती हलकी होते, ताठ राहते. पण अशी अख्खी पेटी यांना बनवून देणारा कुणी नाही. मग वेबस्टर वीस वर्षं मागं जातो. खाली स्वतंत्र चासी: मधून जाणारे दोन जवळजवळचे पोलादी दांडे, त्यांतून बाहेर काढलेले आधाराचे हात. आणि वर तुकड्यातुकड्यांचं अंग. तोंड एका ठिकाणाहून, मधला भाग दुसरीकडून, मागचा टब तिसरीकडून, छप्पर वेगळंच. सगळं बोल्टांनी आवळायचं.

नाइलाजातून निघालेली ही युक्ती भलतीच कामाची ठरते. छप्पर बोल्टाचं, म्हणून तेच बदलून सलून, कूपे, उघडी गाडी सगळं एकाच बुडावर बसतं. स्वतंत्र चासी, म्हणून ती आखूड करून, वळवून स्पिटफायर काढता येते आणि तिला छप्पर चढवून जीटी-सिक्स. आणि सुटे भाग पेट्यांत भरून जहाजानं पाठवता येतात, जिथं मोठे प्रेस नाहीत तिथंही जोडता येतात. अंगावर गाडीचा सगळा भार नाही, म्हणून तर मद्रासवाले उद्या त्याला आणखी दोन दारं पाडू शकतील. पहिल्या नमुन्याचं टोपणनाव त्यांनी झोबो ठेवलं. झोबो म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातलं जनावर. बाजारात उतरताना, १९५९ च्या एप्रिलमध्ये, ती हेराल्ड झाली.

हिशेब मात्र मागच्या चाकांपाशी आखडला. पुढं आडवे दुहेरी बाहू, कॉइल स्प्रिंगा, अचूक स्टिअरिंग: तिथं हात सैल सोडला. मागंही दोन्ही चाकं स्वतंत्र हवीत, म्हणजे एक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याला धक्का नको. पण खर्च नको. म्हणून डिफरन्शियल चासीला पक्कं केलं, त्याच्या डोक्यावर एकच आडवा कमानपाटा ठेवला, आणि दोन्ही अंगांना एकेक दांडा काढला. प्रत्येक दांड्याला आतल्या टोकाशीच सांधा. बाहेरच्या टोकाला चाक पक्कं. म्हणजे दांडा वर-खाली झाला की चाक नुसतं वर-खाली होत नाही, कलतंही. स्वस्त, हलकं, आणि सपाट रस्त्यावर आरामशीर. कोव्हेंट्रीच्या आसपास डोंगर नाहीत.

फडकं वाळलंय. इंजिन एका दमात लागतं.

अमरावतीत पोचेपर्यंत लू सुटली आहे. आजींना घोटभर पन्हं हवं, म्हणून गाडी जुन्या गावातल्या नातेवाइकांकडं वळते. जवाहर गेटच्या कमानीपुढं एकीकडं टांगा, दुसरीकडं टरबुजांची हातगाडी, आणि ड्रायव्हरला गाडी उलटी फिरवायची आहे. तो स्टिअरिंग पिळतच जातो. पुढची चाकं जवळजवळ आडवी होतात आणि हेराल्ड जागच्या जागी फिरल्यासारखी वळते. वळायला लागणारं वर्तुळ २५ फुटांचं, लंडनच्या टॅक्सीइतकं. पुढचं इंजिन अरुंद आणि चासीचे दांडे मधोमध, म्हणून चाकांना तिरपं व्हायला जागा मिळाली. मागून आलेल्या अँबेसिडरला तेच करायला तीनदा मागंपुढं व्हावं लागतं, आणि हातगाडीवाला दोन ओळखीच्या शिव्या हासडतो.

दुपार बडनेरा रोडच्या एका गॅरेजात जाते. घाट चढायचा तर आधी मिस्त्रीच्या नजरेखालून गाडी गेलेली बरी. टिनाच्या शेडमध्ये बसवत नाही इतकं तापलंय. मिस्त्री पुढचं चाक जॅकवर उचलतो, वरून-खालून धरून हलवतो आणि खालच्या सांध्याकडं बोट दाखवतो. तिथं पितळेचा एक ठोकळा आहे, त्यात चाकाचा उभा खांब आट्यांनी बसतो. स्टिअरिंग फिरवलं की खांब त्या आट्यांत फिरतो. शागीर्द पोऱ्या ग्रीसची पिचकारी घेऊन पुढं सरसावतो.

"ग्रीस नाही, ऑइल! कितींदा सांगू लेका तुले?" मिस्त्री ओरडतो. "गिअरचं जाडं ऑइल. ग्रीस भरलं का त्याचा आतमंदी गोया होते, पानी शिरते अन् आटे खाते. मंग एक दिवस खांब तुटते अन् चाक आडवं. अंबेशिडर समजू नको इले."

पोऱ्या पिचकारी बदलतो. जगभर जिथं जिथं हेराल्ड, स्पिटफायर आणि जीटी-सिक्स गेल्या, तिथल्या प्रत्येक गॅरेजात हे वाक्य आपापल्या बोलीत कुणीतरी ओरडलेलं आहे. जिथं ओरडलं गेलं नाही तिथं चाकं आडवी झाली.

मग मिस्त्री मागं जातो, टायरच्या आतल्या कडेवरून तळवा फिरवतो. आतून नक्षी साफ गेलीय, बाहेरून टायर नवं आहे. "लोड पडला का फाकते, आतून खाते. याले इलाज नाही," एवढंच बोलून तो हात पुसतो.

ऊन कलल्यावर निघता. वलगावला पेढी नदीचा पूल लागतो, आजी हात जोडतात. गाडगे महाराजांनी याच ठिकाणी, २० डिसेंबर १९५६ ला, त्यांना अमरावतीला नेलं जात असताना देह ठेवला. पुढं आसेगाव, मग परतवाडा, आणि तिथून समोर सातपुड्याची निळी भिंत.

घाट चढताना हेराल्डचा खरा जीव कळतो. जेमतेम ३५ अश्वशक्ती, पाच माणसं, आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. म्हणजे आखडत्या वळणावर दुसऱ्यात दम तुटला, तर चालत्या गाडीत पहिला टाकणं कौशल्याचं काम. ड्रायव्हर क्लच दाबतो, न्यूट्रलला आणतो, सोडतो, एक्सलेटरवर टाच मारतो, पुन्हा क्लच, आणि गिअर आवाज न करता आत जातो. डॉक्टर "वा!" म्हणतात. सागाला पानं नाहीत, सगळा डोंगर उघडा. मात्र वळणं हेराल्ड झकास घेते. भरलेली गाडी, मागची चाकं खालून फाकलेली, बूड रस्त्याला चिकटलेलं. वर, अकराशे मीटरवर, हवा एकदम हलकी होते.

मंडळी बंगल्यावर उतरतात. ड्रायव्हरला उद्या सकाळी अमरावतीत गाडी हवी, म्हणून तो आणि तुम्ही उजेड आहे तोवर खाली निघता. बसण्यापूर्वी पुन्हा मागून पाहा. माणसं उतरली, बूड वर उठलं, आणि तीच चाकं आता उलटी कललीत: माथ्याकडून बाहेर, खालून आत.

पाचव्या-सहाव्या वळणावर गवळ्यांच्या म्हशी रस्ता अडवून उभ्या. ड्रायव्हर वळणाच्या मध्यावर दचकून एक्सलेटरवरून पाय काढतो. पुढचं क्षणभरात घडतं. गाडीचं वजन पुढं पडतं, मागची बाजू आणखी उचलली जाते, बाहेरचं चाक आणखी आत दुमडतं आणि टायरच्या काठावर उभं राहतं. उचललेल्या बुडाखाली ते चाक जणू टेकू लावून अंग आणखी वर ढकलतं. शेपूट झपकन दरीकडं सरकतं. ड्रायव्हर स्टिअरिंग उलटं मारतो, गाडी हिसका देऊन सरळ होते, म्हशी ढिम्म हलत नाहीत.

तो खाली उतरतो, बिडी पेटवतो. "पाय काढला मी. काढाले नोता पाह्यजे. वयणाच्या आंधीच हळू कराव लागते इले, वयणात नाही."

मग डिकीतून दोन रिकामी पोती काढतो आणि तुम्हाला हाताशी घेऊन रस्त्याकडेचे काळे गोटे भरायला लागतो. दोन्ही पोती डिकीत टाकल्यावर बूड बसतं, चाकं जवळपास सरळ होतात. इंजिनिअर यावर नाक मुरडेल. वजन चाकांच्याही मागं टांगलं की शेपूट एकदा निघालं तर आवरायला जड. पण परतवाड्यापर्यंत पुन्हा काही होत नाही.

आता अशीच चाकं ९५ अश्वशक्तीच्या, ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढं पळणाऱ्या कूपेखाली कल्पून पाहा. स्पिटफायरनं १९६५ साली ल माँच्या शर्यतीत जीटी-सिक्ससारखीच उतरती पाठ लावून आपल्या गटात पहिला नंबर काढला, ते ठीक. तिथं कसलेले चालक होते. दुकानातून नवी जीटी-सिक्स घेतलेला माणूस ओल्या वळणावर दचकून पाय काढतो, तेव्हा त्याच्या डिकीत गोटे नसतात. मोटारींच्या मासिकांनी झोड उठवली. १९६८ साली कोव्हेंट्रीनं कूपेच्या मागच्या चाकांना खालून वेगळे बाहू दिले आणि दांड्यांत रबराचे जाड सांधे बसवले. चाक कलायचं थांबलं. गाडी सुधारली, खर्चही वाढला. इतका की १९७३ साली, गाडी बंद होण्याच्या वर्षीच, त्यांनी तो सरंजाम काढून स्वस्तातला, कमानपाट्याला थोडी मोकळीक दिलेला जुनाच दांडा परत बसवला. एकूण जेमतेम ४१ हजार जीटी-सिक्स निघाल्या. साध्या हेराल्डला तर इंग्लंडनं शेवटपर्यंत हात लावला नाही. डॉक्टर आणि शिक्षक हळूच चालवतात, असा हिशेब असावा.

मद्रासनं लावला. शेवटची उडी, १९७२ च्या पुढं, त्याच बडनेरा रोडवरच्या शेडमध्ये. डॉक्टर नवी गाडी बघायला आलेत, स्टँडर्ड गॅझेल. वरून जुन्या ओळखीची, इंजिन तेच ९४८ सीसीचं. मिस्त्री आणि ड्रायव्हर दोघंही मान खाली घालून मागच्या चाकांमध्ये पाहतायत, तुम्हीही वाका. दोन दांडे नाहीत, सांधे नाहीत. या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच सरळ एक्सल, दमणीच्या आसासारखा. चाक कलायला जागाच ठेवली नाही. देशातल्या मालकांना आणि मिस्त्र्यांना ते डुलणारे दांडे पटलेच नव्हते, आणि कारखान्यानं ऐकलं. कोव्हेंट्रीनं चाकाला नीट हलायला शिकवायचा प्रयत्न केला, मद्रासनं त्याचं हलणंच काढून टाकलं. वऱ्हाडच्या रस्त्याला आणि शेडमधल्या हत्यारांना दुसरा उपाय मानवतो, हे मी मान्य करतो. फक्त त्या गाडीचा जो काही पाणीदारपणा होता तो नेमका त्या दोन दांड्यांत होता.

डॉक्टर एक फेरी मारून येतात, जरा कंबर धरूनच उतरतात.

"आता गोटे नाही लागत डिकीत," ड्रायव्हर खुशीत सांगतो.

"नाही लागत," मिस्त्री चाकावर थाप मारून म्हणतो, "पन हा एक्सलच गोट्याएवढा जड हाय, बावा. खड्ड्यात गेला का अख्खा उसयते. साहेबाले इचार, लागली का नाही ते."